आहे आमच्याकडे

अनोळखी नंबरचा फोन उचलायचा नाही, हे ग्रंथपालांचं तत्त्व होतं. आता माणसाला तत्त्वं असावीत, नाही कोण म्हणतंय? पण ती इतकी जाडजूड असू नयेत की पुढे गिळायची वेळ आली तर घशात अडकावीत. ग्रंथपाल म्हणायचे, "ज्याला आपलं नाव आधी सांगता येत नाही, त्याच्याशी मी काय म्हणून बोलू?" फोन वाजायचा, ते चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचे, आणि तो बिचारा वाजून वाजून आपोआप गप्प बसायचा.

वाचनालयात तर फोनचं नावच काढायची सोय नव्हती. दाराशी त्यांनी एक खणाखणांचं लाकडी खोकं ठेवलं होतं. येणाऱ्याने फोन बंद करायचा, खणात ठेवायचा आणि मगच आत पाऊल टाकायचं. एकदा वाचनालयाच्या अध्यक्षांचाच फोन ऐन सभेत वाजला, तर ग्रंथपालांनी त्यांनाही हात करून बाहेरची वाट दाखवली. आणि अध्यक्ष गेले हो! मुकाट्याने उठून गेले. असा हा माणूस. उगाच नाही आपल्याला त्यांचं कौतुक वाटत.

तर अशा या तत्त्वनिष्ठ माणसाच्या घरी सासूबाई राहायला आल्या.

सासूबाई म्हणजे गणिताच्या शिक्षिका. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते फक्त शाळेला माहीत होतं. त्यांना स्वतःला ते कधी पटलं नाही. त्यांच्या डोळ्यांची बुबुळं पांढरी पडत चालली होती. एक डोळा कधीच गेला होता, दुसऱ्याने आता नुसता उजेड आणि सावली कळायची. संध्याकाळी ग्रंथपाल त्यांना वाचून दाखवत. इतकी पुस्तकं सांभाळणारा जावई वाचून दाखवतोय म्हटल्यावर दुसरी एखादी सासू भरून पावली असती. ह्या मात्र म्हणत, "जावईबापू, स्वल्पविरामाला थांबत चला. आपल्याला कुठे गाडी पकडायची नाहीये." लग्न झाल्यापासून जावयाबद्दल एक चांगला शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. वाईटही निघाला नव्हता, हे खरं; पण ग्रंथपाल बापडे वाट बघत होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "बुबुळ बदलावं लागेल. एक डोळा तरी नक्की वाचेल. पण कुणी नेत्रदान केलं तरच बुबुळ मिळणार. यादीत नाव घालतो. मिळालं की नेत्रपेढीतून फोन येईल. कधी येईल, कुठल्या नंबरवरून येईल, सांगता येत नाही. आला की आजींना घेऊन तडक निघायचं. फोन लागला नाही, तर बुबुळ पुढच्याला जातं."

"नंबर कुणाचा लिहू?" शेजारच्या कारकुनाने विचारलं.

बायको कर कार्यालयात नोकरीला होती, आणि तिथे फोन दारावरच काढून घेत. सासूबाईंचा फोन त्यांना दिसत नव्हता. राहता राहिले ग्रंथपाल. ते छाती पुढे काढून म्हणाले, "माझा लिहा. जबाबदार माणसाचा असलेला बरा."

"अहो, पण तुम्ही फोन उचलता कधी?" बायको म्हणाली. डॉक्टरांच्या देखत म्हणाली.

ग्रंथपालांचे कान लाल झाले. "आजपासून उचलीन," ते म्हणाले. "प्रत्येक फोन उचलीन. शब्द देतो."

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. पण त्या ज्या पद्धतीने काही बोलल्या नाहीत, ती ग्रंथपालांना फार लागली.

शब्द तर दिला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाढीचा फेस गालावर असताना पहिला फोन आला. फेसासकट धावले. "हॅलो! आम्ही निघालोच!"

"सर, आपल्याला वैयक्तिक कर्ज हवंय का?"

मग विमा. मग शहराबाहेरचा प्लॉट. मग पाणी शुद्ध करायचं यंत्र. मग एक जण त्यांची गाडी विकत घ्यायला तयार होता. आमच्याकडे गाडीच नाही असं त्याला सांगितलं, तर तो लगेच गाडी विकायला तयार झाला. एका फोनवर नुसतंच यंत्र बोलत होतं, आणि ग्रंथपाल त्यालाही "एक मिनिट, जरा माझं ऐकून घ्या," म्हणत राहिले. पूर्वी हे सगळे फोन येतच होते म्हणा. पण न उचललेल्या फोनच्या पलीकडे एवढी मोठी बाजारपेठ भरलेली असते, हे त्या सज्जन माणसाला ठाऊकच नव्हतं. आणि कापायची सोय नाही! पहिली दोन वाक्यं ऐकल्याशिवाय कळणार कसं, पलीकडे डोळा आहे की प्लॉट?

वाचनालयात तर त्यांच्या अब्रूचे धिंडवडे निघाले. सगळ्या वाचकांचे फोन खोक्यात मेल्यासारखे पडलेले, आणि भर शांततेत फोन कुणाचा वाजतोय, तर ग्रंथपालांचा! ते शब्दकोशांच्या कपाटामागे जाऊन कुजबुजत, "नको हो, खरंच नको." पण शब्दकोशाच्या कपाटामागची कुजबुज सगळ्या खोलीला ऐकू जाते, हे त्यांनीच आजवर कितीतरी जणांना ऐकवलं होतं. रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा होते, ग्रंथपालांकडून वर्षानुवर्षं बोलणी खाल्लेले. त्यांनी पेपर खाली केला, चष्मा सारखा केला आणि अगदी ग्रंथपालांच्याच आवाजात म्हणाले, "शांतता!" ग्रंथपालांनी तो घोट गिळला. सासूबाईंसाठी गिळला. सख्ख्या आईसाठी एवढं करणारे किती निघतील, तुम्हीच सांगा.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. सल्ले घेऊन पहिले आले समोरचे दंतवैद्य. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून बोलायची सवय असल्यामुळे, समोरच्याने काही उत्तर द्यावं अशी त्यांची अपेक्षाच नसते.

"अहो, सोपं आहे," असं म्हणत त्यांनी ग्रंथपालांचा फोन हातातून घेतलासुद्धा. "हे अ‍ॅप टाकायचं. फोन कुणाचा, ते वाजायच्या आधी सांगतं. लोकांनी तो नंबर आपापल्या फोनमध्ये ज्या नावाने ठेवलाय, ते नाव दिसतं. लोकांना ज्याचा त्रास होतो, तो नंबर लाल. फोन ठेवलात की हे बटण दाबायचं, म्हणजे तो माणूस पुन्हा म्हणून तुम्हाला लावू शकणार नाही. झालं! आ करा... म्हणजे, बघा."

खरोखर चमत्कार होता. ग्रंथपाल हरखले. फोन आला की पडद्यावर अक्षरं उमटायची: 'कर्ज कटकट'. 'विमा, फार बोलतो'. संध्याकाळी त्यांनी गंमत म्हणून ओळखीच्यांचे नंबर घालून पाहिले. दंतवैद्य निघाले 'दातवाला दुखवतो'. तळमजल्यावरचे वकील निघाले 'वकील पुढची तारीख'. ग्रंथपाल इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. लोकांच्या प्रतिभेची त्यांनी मोकळ्या मनाने तारीफ केली. मग त्यांना काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, त्यांनी स्वतःचा नंबर घातला.

पडदा लाल झाला. त्यावर लिहिलं होतं: 'खडूस लायब्ररी'. आणि खाली बारीक अक्षरांत: 'हा नंबर अनेकांनी त्रासदायक असल्याचं कळवलं आहे.'

ग्रंथपाल पाणी प्यायले. बायकोने येऊन पडदा पाहिला आणि पटकन तोंड फिरवलं.

"हसतेस काय?"

"छे! हसत कुठे आहे?" ती भिंतीकडे बघत म्हणाली. तिचे खांदे हलत होते.

"काय म्हणतोय गं फोन?" आतून सासूबाईंनी विचारलं. बायकोने वाचून दाखवलं. मग आवाज आला, "बरं मग? चूक काय आहे त्यात?"

आता ह्यात ग्रंथपालांची बाजूही समजून घेतली पाहिजे. वाचनालयाचा फोन कित्येक महिने बंद होता. पुस्तकं परत न करणाऱ्या वाचकांना ते स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या पदरचे पैसे घालून फोन करत. एकदा केला की थांबत नसत. पुस्तक हातात पडेपर्यंत दर दिवसाआड करत. ह्याला कर्तव्यनिष्ठा म्हणतात. लोक ह्याला काय म्हणतात, ते लाल अक्षरांत लिहिलेलं होतं.

त्यांनी अ‍ॅपच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. "सर, नाव आम्ही देत नाही. लोक देतात."

"पण माझं नाव ठेवायचा लोकांना काय अधिकार?"

"सर, नावं तर लोकच ठेवतात ना?" मुलगी म्हणाली. "तुम्ही एक करा, ज्यांनी तक्रार केलीय त्यांनी ती मागे घेतली, की लाल रंग जाईल."

मग काय, ग्रंथपालांनी वाचकांना विनंतीचे फोन करायला सुरुवात केली. "नमस्कार, वाचनालयातून बोलतोय. माझी एक छोटीशी..." एवढं म्हणेपर्यंत पलीकडून "आणतो, आणतो, उद्याच आणतो!" आणि फोन बंद. वाचनालयात पुस्तकांचा पूर लोटला. जी पुस्तकं हरवली म्हणून त्यांच्या नावाने कधीच अंघोळ करून टाकली होती, तीसुद्धा आली. एका बाईंनी तर दुसऱ्याच वाचनालयाची आणून दिली. कपाटं पुरेनात. इकडे अ‍ॅपवर पाहावं, तर तक्रारींची संख्या दुप्पट.

नंबरच बदलून टाकावा, असाही विचार त्यांनी केला. रुग्णालयात जाऊन त्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "बदला की. नवा अर्ज भरायचा."

"मग आमचं नाव यादीत आहे तिथेच राहील ना?"

"नव्या अर्जाचं नाव तळाला जातं."

"अहो, पण डोळा तोच आहे! माणूस तोच आहे!"

"अर्ज नवा आहे," कारकून म्हणाला, आणि त्याने खिडकी लावून घेतली. म्हणजे ह्याच लाल नंबरला धरून बसणं आलं. सासूबाईंना आता सावल्याही धूसर दिसायला लागल्या होत्या. चालताना त्या दाराची चौकट हाताने चाचपत. एकदा त्यांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. कप फुटला. त्या म्हणाल्या, "अंदाज चुकला." ग्रंथपालांनी काचा उचलल्या, आणि त्या दिवसापासून फोन उशाशी घेऊन झोपायला लागले.

सुट्टीच्या दिवशी ते अंघोळीला गेले की फोनवर सासूबाईंचा पहारा असे. एकदा त्या साबण लावत असलेल्या जावयाला ऐकू येईल अशा खणखणीत आवाजात बोलत होत्या. फोन कुठल्याशा पाहणीचा होता. मुलीने विचारलं असावं, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?

"गुण असे वाटत नाहीत, बाळ," सासूबाई म्हणाल्या. "आधी परीक्षा, मग गुण. मला सांग, तुमची सेवा कसली? कुणासाठी? आणि मी ती घेतलेली नसताना गुण मी कशाच्या आधारावर द्यायचे?"

पलीकडे गडबड झाली. सासूबाईंनी तिला सावरायला वेळ दिला, दोन उपप्रश्न घातले, एका उत्तराला "शाब्बास" म्हणाल्या. शेवटी मुलीनेच विचारलं, आजी, मला किती गुण?

"सात," सासूबाई म्हणाल्या. "बोलणं स्वच्छ आहे. पण समोरच्याचं पुरतं ऐकून घेत नाहीस, त्याचे तीन कापले."

टॉवेल गुंडाळून बाहेर आलेले ग्रंथपाल दारात थक्क होऊन उभे राहिले. ह्या बाईला डोळे परत मिळालेच पाहिजेत, असं त्यांना त्या क्षणी आतून वाटलं. सासू म्हणून नव्हे हो, माणूस म्हणून.

पण त्यांच्याकडे सासूबाईंसारखी हातोटी नव्हती. त्यांच्याशी बोलणारे लोक त्यांना गुंडाळून ठेवत. तेव्हा तळमजल्यावरचे वकील मदतीला आले. हे फुकट सल्ला देतात, पण तो फुकट आहे हे आधी दोनदा सांगून मगच देतात.

"तुमचं चुकतंय कुठे सांगू? तुम्ही 'नको' म्हणता. 'नको' म्हटलं की समोरचा विचारतो, का नको? झालं, वाद सुरू. त्यापेक्षा म्हणायचं, 'आहे आमच्याकडे'. ज्याच्याकडे वस्तू आहे, त्याला कोण विकणार? शांतपणे म्हणायचं, आभार मानायचे, ठेवून द्यायचा. केस खलास."

ग्रंथपालांनी प्रयोग करून पाहिला. कर्ज? "आहे आमच्याकडे. आभारी आहे." विमा? "आहे आमच्याकडे." समुद्रकिनारी बंगला? "आहे आमच्याकडे. आभारी आहे." आणि काय सांगावं, लोक अदबीने फोन ठेवायला लागले! फोनवर ग्रंथपालांची मालमत्ता दिवसेंदिवस वाढत चालली. दोन बंगले झाले, गाड्या किती झाल्या त्याची गणतीच नव्हती, आणि परदेशी सहली तर त्यांनी इतक्या केल्या की घरी कधी असत कोण जाणे. ठेवल्याबरोबर दंतवैद्यांनी दाखवलेलं बटण दाबायचं, की तो नंबर कायमचा बंद. हात इतका बसला की शब्दकोशाच्या कपाटामागेही जावं लागेना. एका हाताने पुस्तकावर शिक्का मारत, दुसऱ्या हाताने ते मालमत्ता जाहीर करत. पेपरवाल्या आजोबांनीसुद्धा एकदा मान हलवून दाद दिली.

आणि मग तो दिवस उजाडला. सकाळची वेळ. पुस्तकाचं एक पान फाडून नेणारा वाचक टेबलापुढे उभा होता आणि पान आधीपासूनच नव्हतं असं छातीठोकपणे सांगत होता. ग्रंथपाल तापलेले. फोन वाजला. पडद्यावर कुठलंच नाव नव्हतं.

"नमस्कार," एका बाईंचा आवाज आला. "डोळा उपलब्ध झालाय, तर आपल्याला..."

"आहे आमच्याकडे. आभारी आहे," ग्रंथपाल म्हणाले, फोन ठेवला आणि बटण दाबलं. आणि वाचकाकडे वळून म्हणाले, "पान आधीपासून नव्हतं, तर मग तुम्ही..."

पुढचा शब्द तोंडातच राहिला.

डोळा.

"आई गं!" ग्रंथपाल ओरडले. वाचनालयात. भर दुपारच्या... नाही, भर सकाळच्या शांततेत. फाडलेल्या पानाचा मालक घाबरून दोन पावलं मागे सरला. त्याने खिशातून पान काढून टेबलावर ठेवलं. पण आता पान कुणाला हवं होतं?

त्यांनी तोच नंबर लावला. वाजायच्या आधीच तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्या बाईंच्या फोनमध्येही ते अ‍ॅप असणार! लाल नंबर, खडूस लायब्ररी. त्यांचा फोन तो आत घेईलच कशाला? इकडे ह्यांनी त्यांचा नंबर बंद केलेला, तिकडे त्यांच्या फोनने ह्यांचा. दोन्ही बाजूंनी कडी लागली होती, आणि मध्ये सासूबाईंचा डोळा.

दाराशी खोकं भरून फोन होते, पण ते ग्रंथपालांच्याच हुकमाने बंद! ते खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि जिवाच्या आकांताने म्हणाले, "कुणीतरी आपला फोन चालू करून द्या हो!"

"शूऽऽ!" सगळी खोली एका सुरात म्हणाली. वर्षानुवर्षांची शिस्त होती ती. त्यांनीच लावलेली.

शेवटी पेपरवाले आजोबा उठले. त्यांनी खोक्यातून आपला फोन काढला, चालू केला आणि ग्रंथपालांच्या हातात दिला. नंबर लावला, तर लाइन बिझी. पुन्हा बिझी. म्हणजे बाई पुढच्याला फोन करत होत्या! ग्रंथपालांनी आजोबांना फोन आणि वाचनालयाच्या किल्ल्या, दोन्ही देऊन टाकलं आणि धावत सुटले. चपला टेबलाखालीच राहिल्या.

टॅक्सी घेऊन घरी पोचले. सासूबाई नुकत्याच अंघोळ करून खुर्चीत बसल्या होत्या. "आई, चला, डोळा आलाय!" त्या उठल्या, हात पुढे केला. जिन्याच्या पायऱ्या ग्रंथपालांनी त्यांना जवळजवळ उचलूनच उतरवल्या. टॅक्सी सुरू झाली आणि ग्रंथपालांना राहवेना. लपवून ठेवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"आई," ते म्हणाले, "एक सांगायचंय. फोन आला होता. मी... मी म्हणालो, आहे आमच्याकडे."

टॅक्सीवाल्याने आरशातून मागे पाहिलं.

"काय आहे आपल्याकडे?"

"डोळा."

ग्रंथपालांना वाटलं, आता गुण कापायला सुरुवात होणार. त्यांनी मान खाली घातली. माणसाने वाटेल ते सहन करावं, पण जिला डोळा मिळवून द्यायचा तिच्याच डोळ्याला नाही म्हणून बसलेल्या माणसाने काय करावं? त्यांना रडू आलं. खरंच आलं. शर्टाच्या बाहीने त्यांनी नाक पुसलं.

"आता 'नाही' म्हणून सांगायला जातोय ना आपण?" सासूबाई म्हणाल्या. "मग झालं तर. उत्तर चुकलं तर खोडून पुन्हा लिहायचं. रडायचं नाही." आणि त्यांनी चाचपत जावयाचा हात शोधून धरला.

नेत्रपेढीच्या खोलीत एक बाई टेबलावरच्या फोनशी झगडत बसल्या होत्या. ग्रंथपाल अनवाणी, घामाघूम, सासूबाईंचा हात धरून समोर उभे राहिले. "मघाशी तुम्ही फोन केलात, आणि एका मूर्खाने आहे आमच्याकडे म्हणून सांगितलं..."

"तुम्ही होय ते!" बाईंनी मान वर केली. "मी म्हटलं, दुसरीकडे सोय झाली असेल. तुमचं नाव बाजूला केलं मी."

ग्रंथपालांनी टेबलाची कड धरली. "म्हणजे गेला डोळा?"

"कुठला जातोय?" बाई वैतागून म्हणाल्या. "दोन आहेत. पुढच्या दोघांना केव्हाची लावतेय. एकाचं घर उचलत नाही, दुसऱ्याचं उचलून कापतं. अहो, इतकी वर्षं हे काम करतेय मी. फोन उचलून, आभार मानून ठेवणारे तुम्ही पहिलेच. आजींना घेऊन आलात ना? मग बसवा त्यांना आत. डॉक्टर थांबलेत."

परिचारिका सासूबाईंना शेजारच्या खोलीत घेऊन गेली. ग्रंथपाल भिंतीला टेकले. सुटलो बाबा, असं त्यांनी मनाशी म्हटलं. आणि खरं तर इथे त्यांचं काम संपलं होतं. जाऊन चहा घ्यायचा, बायकोच्या कार्यालयात निरोप पाठवायचा, पायांत घालायला काहीतरी बघायचं. पण बाई पुन्हा नंबर फिरवत होत्या, आणि ग्रंथपालांचे कान तिकडेच लागले होते.

"कोण आहे हो तो दुसरा?" त्यांनी विचारलं.

"शिवणकाम करणारा माणूस आहे. दिसत नाही म्हणून मशीन बंद करून बसलाय. आज बोलला नाही, तर हा दुसरा डोळा दुसऱ्या गावी पाठवावा लागेल."

ग्रंथपालांनी खुर्ची ओढली. "आणा तो फोन इकडे," ते म्हणाले. "वसुलीचा मला अनुभव आहे."

बाईंनी नंबर लावून दिला. पलीकडे कुणीतरी उचलला. "नमस्कार, मी रुग्णालयातून..." कट. पुन्हा लावला. "हे पाहा, ठेवू नका..." कट. पुन्हा. ह्या वेळी एक वैतागलेला आवाज म्हणाला, "किती वेळा सांगायचं? आहे आमच्याकडे!" आणि कट.

ग्रंथपालांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. त्यांना त्या अनोळखी माणसाबद्दल एकाएकी इतकी माया वाटली की काही विचारू नका. त्यांनी पुन्हा लावला. शिव्या आल्या. अस्सल, घसघशीत शिव्या. नाव ठेवलं म्हणून मदत केंद्राशी भांडणाऱ्या ह्या मानी माणसाने त्या सगळ्या शिव्या, मध्ये एकदाही न बोलता, पुरत्या ऐकून घेतल्या. पलीकडचा माणूस दम घ्यायला थांबला, आणि तेवढ्यात ग्रंथपाल सगळं बळ एकवटून गरजले, "डोळा आलाय तुमचा! डोळा! विकायला नाही आलोय मी! असाल तसे निघा!"

इतक्या मोठ्याने ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. सगळा व्हरांडा दणाणला. मग पलीकडून हळूच आवाज आला, "खरं सांगताय?"

"खरं सांगतोय. चपला नाही घातल्या तरी चालेल. निघा!"

शेजारच्या खोलीत सासूबाई पलंगावर पडल्या होत्या. डोळ्यांत थेंब घातलेले, पापण्या मिटलेल्या. परिचारिका कपाळाला आठ्या घालून दाराशी गेली. "कोण हो हा माणूस? दवाखाना आहे की बाजार? थांबा आजी, सांगते त्यांना हळू बोलायला."

"काही सांगू नका," सासूबाई म्हणाल्या. "आमचे जावई आहेत ते. बोलू द्या त्यांना."